वसंतातली पाणथळ भटकंती: आधी पाणी बघा, मग वाट ठरवा

पाणथळ अभयारण्यात चालायला जाताना बहुतेक जण नकाशा बघतात, हवामानाचा अंदाज बघतात आणि निघतात. पाण्याची पातळी मात्र क्वचितच कोणी विचारतं. डोंगरातली वाट वर्षभर आपल्या जागी असते. पाणथळीतली वाट पाण्याबरोबर सरकते आणि वसंतात ती आठवड्या-आठवड्याला सरकते. थंड प्रदेशात या दिवसांत बर्फ वितळतं, ओढे-नद्या फुगतात, सखल भाग पाण्याखाली जातो. उष्ण प्रदेशात नेमकं उलट घडतं. पावसाळ्यात साठलेलं पाणी आटत जातं आणि काठाला चिखलाचे रुंद पट्टे उघडे पडतात. एकीकडे वाट बुडते, दुसरीकडे नवी जमीन वर येते, पण ती दिसते तेवढी पक्की नसते. बूट कोणते घालायचे, किती वाजता निघायचं, पक्षी कुठे असतील, कुठून मागे फिरायचं, हे सगळं पाणीच ठरवतं.

आदल्या दिवशी काय विचारायचं

अभयारण्याच्या कार्यालयात फोन करून तीन प्रश्न विचारा. कोणत्या वाटा बंद आहेत? फळ्यांच्या वाटेवर किंवा बांधावर पाणी आलं आहे का? आणि गेल्या तीन-चार दिवसांत पाणी चढतंय की उतरतंय? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. घोट्याएवढं पण उतरणारं पाणी फारसं चिंतेचं नसतं. तेवढंच पाणी चढत असेल तर जाताना ओलांडलेली जागा परतताना गुडघ्यापर्यंत भरलेली असू शकते. पाणथळ एखाद्या धरणाच्या खाली किंवा जलाशयाच्या फुगवट्यात असेल, तर विसर्गाची वेळही विचारून घ्या. कोरड्या, स्वच्छ दिवशीही पाणी वाढण्याचं ते नेहमीचं कारण असतं.

वाटा बंद असण्यामागे बहुतेक वेळा विणीचा हंगाम असतो. फलक नसला तरी दोरी बांधलेली दिसली की पलीकडे जाऊ नका.

किनाऱ्यावरच्या पाणथळीत, म्हणजे खाजण, खारफुटी किंवा खाडीच्या चिखलपट्ट्यात, सगळा हिशोब भरती-ओहोटीचा. दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटं जातात, म्हणून आजची वेळ उद्या सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, आणि मार्चमधल्या विषुवदिनाजवळची उधाणं वर्षातल्या मोठ्या उधाणांत मोडतात. पाणी सहा तासांत एकसारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग धरले, तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक भाग चढतो. मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी येतं. म्हणून चिखलपट्टीवर ओहोटी लागलेली असताना उतरा आणि पाणी पूर्ण उतरायच्या आत परतीला लागा. चढ सुरू झाल्यावर पहिला तास संथ जातो आणि तोच माणसाला फसवतो. पाणी समोरून येण्याआधी मागच्या चरांमधून शिरतं, आणि परतीची वाट त्याच चरांनी तुटते.

फक्त पक्षी बघायचे असतील तर चिखलात उतरायचं कारणच नाही. भरतीच्या आधीचे दोन तास काठावर बसा. पाणी चढेल तसे पक्षी आपोआप जवळ ढकलले जातात.

पायाखाली काय आहे

1971 साली इराणमधल्या रामसर शहरात झालेल्या करारात पाणथळीची व्याख्या बरीच व्यापक ठेवली आहे. नैसर्गिक असो वा मानवनिर्मित, कायमची असो वा हंगामी, गोडी असो वा खारी, आणि ओहोटीला 6 मीटरपर्यंत खोल असलेलं समुद्राचं पाणीसुद्धा त्यात बसतं. चालणाऱ्याला मात्र यातला फरक पायाखाली जाणवतो.

गवताळ दलदलीत पाणकणीस, लव्हाळे, बोरू यांची मुळं चिखल धरून ठेवतात, त्यामुळे झुडपांच्या बुंध्याजवळची जमीन मोकळ्या चिखलापेक्षा पक्की असते. झाडांच्या दलदलीत मुळांवर पाय ठेवायचा मोह होतो, पण ओली साल निसरडी असते. पाय मुळांच्या मधे, पण काठीने खोली बघूनच ठेवा.

पीटची दलदल वेगळीच. तिथे स्फॅग्नम शेवाळ पाणी धरून ठेवतं आणि खाली अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर साचत जातो. हा थर वर्षाला साधारण 1 मिलिमीटर वाढतो. बुटाने पडलेला 10 सेंटीमीटरचा खड्डा म्हणजे सुमारे शंभर वर्षांची साठवण. जगाच्या जमिनीपैकी सुमारे 3 टक्केच पीटभूमी आहे, पण तिच्यात सगळ्या जंगलांतल्या झाडाझुडपांपेक्षा जास्त कार्बन साठलेला आहे. म्हणून अशा ठिकाणी फळ्यांच्या वाटेवरून एक पाऊलही खाली नाही, फोटोसाठीसुद्धा नाही. काही ठिकाणी शेवाळाचा गालिचा पाण्यावर नुसता तरंगत असतो. पाऊल टाकल्यावर दोन-तीन मीटरवरची झुडपं हलली, तर तुम्ही जमिनीवर नाही, तरंगत्या थरावर उभे आहात. तिथूनच मागे फिरा.

आटत चाललेल्या तलावाच्या काठाला भेगाळलेली पपडी असते. वरून कोरडी ठणठणीत आणि खाली राडा. पपडीचे तुकडे कडेने वर वळलेले आणि भेगा खोलपर्यंत कोरड्या असतील तर ती बहुधा वजन पेलते. भेगांच्या तळाशी ओल चकाकत असेल तर नाही. काळा, कुजक्या अंड्यांसारखा वास येणारा चिखल म्हणजे आत प्राणवायू पोचत नाही. जिवाणूंनी तयार केलेला हायड्रोजन सल्फाइड हा तो वास. असा चिखल बहुतेक वेळा मऊ आणि खोल असतो.

जाता जाता एक. साचलेल्या पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसला की तेल सांडलंय असं लगेच समजू नका. काडीने ढवळून बघा. तवंगाचे कोनदार तुकडे होऊन ते तसेच तुटक राहिले, तर तो लोहजिवाणूंचा थर आहे. परत एकसंध झाला तर तेल, आणि मग कार्यालयाला कळवा.

बूट, काठी, कपडे

पूर्ण वाट फळ्यांची किंवा पक्क्या बांधाची असेल तर चांगल्या पकडीचे चालण्याचे बूट पुरे. मध्ये कुठे उथळ पाणी किंवा चिखल लागणार असेल तर गुडघ्याखालपर्यंतचे गमबूट घ्या, पण जाड मोजा घालून मापून घ्या. ढिला गमबूट चिखलात पहिल्या दहा पावलांत पायातून निघतो. पाणी गमबुटाच्या काठापेक्षा खोल असेल तर ती वाट तुमची नाही. भरलेला बूट जड होतो आणि त्याने पाय उचलणं अवघड जातं.

मोजे लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे, एक जोड जादा, बंद पिशवीत. सुती मोजा ओला झाला की वाळत नाही आणि फोड आणतो. थंड प्रदेशात हे फक्त आरामापुरतं नसतं. पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने शरीराची उष्णता ओढून घेतं. वसंतात हवा उबदार झालेली असते, पण पाणी अजून बर्फाचंच असतं. ऊन बघून कपडे घालणारा इथेच चुकतो. पाण्यात पडलात तर अंगावर काय असेल, याचा विचार करून कपडे निवडा. कोरड्या कपड्यांचा एक जोड पाठीवरच्या पिशवीत जलरोधक आवरणात ठेवा.

काठी एक पुरे, पण हवीच. खांद्याएवढी उंच, टोकाला रुंद चकती बसवता येईल अशी. चिखलात पाऊल टाकण्याआधी काठी जोर देऊन रोवा. ती वीतभर आत गेली तर पाऊल टाकू नका.

पूर्ण बाह्यांचा सदरा, लांब पँट, आणि पँट मोज्यात खोचलेली. रंग मातकट. डासांचा जोर पहाटे आणि संध्याकाळी असतो, म्हणजे तुम्ही नेमके चालत असता तेव्हाच. त्वचेला 20 ते 30 टक्के डीईईटी (डास पळवणारं रसायन) असलेलं मलम लावा, पण हाताच्या तळव्यांना नको. ते दुर्बिणीच्या रबराला आणि प्लास्टिकला खराब करतं. गोचिडांच्या प्रदेशात कपड्यांवर 0.5 टक्के पर्मेथ्रिन हे कीटकनाशक फवारतात. ते घरीच फवारून पूर्ण वाळवा. ते मासे आणि पाण्यातल्या किड्यांना घातक आहे, म्हणून पाण्याकाठी फवारू नका आणि तसे कपडे घालून पाण्यात उतरू नका. पायावर कापलेलं, खरचटलेलं काही असेल तर जलरोधक पट्टी लावून झाका. साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जिवाणू अशाच जखमांतून शिरतात.

दुर्बीण 8×42. पहिल्या आकड्याने मोठेपणा कळतो, दुसऱ्याने पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. 42 ला 8 ने भागलं की 5.25 मिलिमीटरचा प्रकाशझोत डोळ्यात येतो, जो पहाटेच्या अंधूक उजेडाला पुरतो. 10 पट दुर्बिणीत हाताचा कंपही दहापट होतो, आणि वाऱ्यात फळ्यांच्या वाटेवर उभं राहून बघताना तो त्रास देतो.

पिण्याचं पाणी अर्ध्या दिवसाला माणशी निदान 2 लिटर. पाणथळीतलं पाणी पिऊ नका. तिथली कोणतीही वनस्पती चावूनही बघू नका. हेमलॉकसारख्या अतिविषारी पाणवनस्पती साध्या गाजर-कोथिंबिरीच्या कुळातल्या असतात आणि दिसतातही तशाच.

किती वेळ धरायचा

रस्त्यावर तासाला 4-5 किलोमीटर चालणारा माणूस फळ्यांच्या वाटेवर, थांबत-बघत, तासाला दीड किलोमीटर जातो. चिखलाच्या वाटेवर त्याहून कमी. म्हणून 5 किलोमीटरच्या फेरीला साडेतीन-चार तास धरा आणि त्यावर तासभर राखून ठेवा. उशीर झालेला माणूस घाई करतो आणि पाणथळीत घाईनेच पाय घसरतो.

सूर्योदयाच्या अर्धा तास आधी वाटेच्या तोंडाशी पोचा. सकाळची फेरी अशी आखा की पहिले दोन तास तोंड पश्चिमेकडे असेल. ऊन पाठीशी राहतं, पाण्याची चमक डोळ्यांत जात नाही आणि पक्ष्यांचे रंग दिसतात. फेरी गोल असेल तर कोणत्या दिशेने सुरुवात करायची एवढाच निर्णय असतो, पण त्यावर अर्धी सकाळ अवलंबून असते. ऊन चढलं की उथळ पाण्यावरची हवा थरथरायला लागते आणि लांबचा पक्षी ओळखता येत नाही, दुर्बीण कितीही चांगली असो.

वाराही बघा. पाणपक्षी वाऱ्याकडे तोंड करून बसतात, उतरतात आणि उडतात. छोटे पक्षी वाऱ्याच्या आडोशाला, बोरूच्या पट्ट्याच्या सावरलेल्या बाजूला सापडतात.

फळ्यांवर पहाटे दव असतं, थंड प्रदेशात हिम. शेवाळलेली फळी ओल्या काचेइतकी निसरडी होते. पूर्ण तळवा टेकवून, छोटी पावलं टाका. खिळ्यांच्या रांगा दिसतात तिथे खाली आडवं लाकूड असतं. जुन्या वाटेवर पाय त्या रांगेवर ठेवा, फळीच्या मध्यावर नको.

पक्ष्यांना किती जवळ जायचं

ठराविक मीटर सांगून उपयोग नाही. पक्षी स्वतः सांगतो. आधी चरणं थांबतं. मग मान उंच होते. मग तो एकदा ओरडतो किंवा दोन-चार पावलं चालत दूर जातो. शेवटी उडतो. मान उंच झाली की तिथेच थांबा. तो परत चरायला लागला तर तेवढंच अंतर ठेवा, नाही तर सावकाश मागे व्हा. उडाला म्हणजे तुम्ही तीन सूचना चुकवल्यात.

वसंतात याला एवढं महत्त्व का, हे एका मादीच्या प्रवासावरून कळतं. ई7 या खुणेची, उपग्रह-यंत्र लावलेली पट्टेरी शेपटीची गॉडविट (चिखलात चरणारा स्थलांतरित पाणपक्षी) मार्च 2007 मध्ये न्यूझीलंडहून निघाली आणि सुमारे 10,000 किलोमीटर न थांबता उडून चीनच्या किनाऱ्यावरच्या यालू जिआंग पाणथळीत उतरली. तिथे चरून चरबी साठवली आणि मगच अलास्कातल्या विणीच्या जागी गेली. पाणथळीत चरणारं बदक किंवा तुतवार याच कामात असतं. तुम्ही उडवलेल्या प्रत्येक वेळी त्याची साठवलेली चरबी खर्च होते आणि चरायचा वेळ बुडतो. दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी आला की अख्खा थवा उठतो, तो भाग वेगळा. त्यावर आणखी माणसाची भर नको.

टिटवी, शेकाट्या, चिखल्या यांची घरटी म्हणजे उघड्या जमिनीवरचा किंचित खळगा. आटत्या काठावर आणि बांधांवर ती असतात, आणि खडीच्या रंगाची अंडी पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागली किंवा चिखल्या पंख मोडल्यासारखा फरपटत पुढे चालला, तर घरटं जवळ आहे. खाली बघत आलात त्याच पावलांवर मागे जा. घरटं शोधायचं नाही. उष्ण प्रदेशात शेकाट्या पोटाची पिसं पाण्यात भिजवून अंडी थंड ठेवतो. तुम्ही फोटोसाठी वीस मिनिटं तिथे उभे राहिलात तर ती अंडी उन्हात भाजतात. थंड प्रदेशात तीच गारठतात.

ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला बाहेर बोलावू नका, ड्रोन नको, फ्लॅश नको. निरीक्षण मनोऱ्यात हात आणि भिंग खिडकीबाहेर काढू नका. पक्षी मनोऱ्याला सरावलेले असतात, हालणाऱ्या हाताला नाही. नोंद ईबर्ड किंवा आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर जरूर करा, पण घरट्याची नेमकी जागा देऊ नका.

उथळ पाण्याकडेही बघा. पारदर्शक जेलीचे पुंजके म्हणजे बहुधा बेडकाची अंडी, काळ्या मण्यांच्या लांब माळा म्हणजे भेकाची. पाणी आटून ही डबकी लहान झालेली असतात, म्हणून डबक्यातून चालत जायचा आडमार्ग घेऊ नका. उन्ह तापल्यावर साप आणि कासवं बांधावर ऊन खायला येतात. पुढे काठी आपटत चाला. मगरींचा प्रदेश असेल तर पाण्याच्या काठापासून काही मीटर आत राहा आणि काठावर वाकून काहीही बघू नका.

पाय रुतला तर

ओढू नका. 2005 साली ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी रेती, चिकणमाती आणि खारट पाण्याच्या रुतणीचा अभ्यास केला. सेकंदाला 1 सेंटीमीटर वेगाने पाय बाहेर काढायला मध्यम आकाराची मोटार उचलण्याइतकं बल लागतं, असं त्यात दिसलं. त्याच अभ्यासात हेही दिसलं की माणूस अशा रुतणीत पूर्ण बुडत नाही. त्या मिश्रणाची घनता माणसाच्या जवळपास दुप्पट असते. धोका असतो तो अडकून राहण्याचा: चढती भरती, थंडी, थकवा.

पाय अडकतो कारण तळव्याखाली पाणी किंवा हवा शिरायला जागा नसते. म्हणून आधी पाठपिशवी काढून पक्क्या बाजूला टाका. मागे रेलून बसा किंवा पडा, म्हणजे वजन मोठ्या जागेवर पसरेल. कपड्यांची काळजी सोडा. मग अडकलेला पाय छोट्या गोलात हलवत राहा. कडेने पाणी आत शिरतं, चिखल पातळ होतो. पाऊल पंज्याकडे लांबवून टाच आधी वर काढा. बूट राहिला तर राहू द्या. दोन्ही पाय अडकले असतील तर एका वेळी एकच. सुटल्यावर उभं न राहता आडवंच, आलेल्या दिशेने सरका. सोबतच्यांनी धावत जवळ यायचं नाही. पक्क्या जमिनीवरून काठी किंवा दोरी पुढे करायची. भरती चढत असेल तर पहिल्याच मिनिटात मदतीला फोन करा, प्रयत्न करून झाल्यावर नाही.

वळवाच्या दिवसांत आणखी एक गोष्ट. मोकळ्या पाणथळीत सगळ्यात उंच तुम्हीच असता. वीज चमकल्यापासून 30 सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर लगेच बाहेर पडून पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं थांबा. निरीक्षण मनोरा हा आडोसा नाही.

परतल्यावर

गाडीत बसण्याआधी बुटाच्या तळातला चिखल काडीने आणि ब्रशने तिथेच काढा. घरी धुऊन पूर्ण वाळवा, आणि दुसऱ्या पाणथळीत जायच्या आधी बूट आतूनही कोरडे आहेत ना हे बघा. बेडकांच्या त्वचेवर वाढणारी कायट्रिड बुरशी ओल्या बुटांतून आणि चिखलातून एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाते. जगभरात अनेक प्रजाती तिने संपवल्या आहेत. ती वाळवल्याने मरते. जलपर्णीचं बी मात्र चिखलात वर्षानुवर्षं टिकतं, म्हणून घासणं आणि वाळवणं दोन्ही लागतं. काठीची टोकं आणि तिवईचे पाय विसरू नका.

मग अंग तपासा: गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, कानामागे, केसांत. जळू असेल तर तोंडाच्या टोकाखाली नख सरकवून सोडवा. मीठ किंवा जाळ लावलात तर ती पोटातलं जखमेत ओकते. गोचीड बारीक चिमट्याने त्वचेला अगदी लागून पकडा आणि न पिळता सरळ वर ओढा. तेल, मलम, काडीची आग काही नको. गोचिडांमुळे पसरणाऱ्या लाइम रोगाच्या प्रदेशात गोचीड पहिल्या 24 तासांत काढली तर धोका बराच कमी होतो. तारीख लिहून ठेवा, आणि पुढच्या 30 दिवसांत ताप आला किंवा त्या जागेभोवती लाल चट्टा पसरू लागला तर गोचीड चावल्याचं सांगून डॉक्टरांना दाखवा.